निळ्या-पांढऱ्या कपबश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी आजीच्या फडताळात सहा निळ्या-पांढऱ्या बश्या होत्या. त्यांतल्या चार आजही रोजच्या वापरात आहेत. उरलेल्या दोघींची हकिगत पुढे येईलच. त्या बश्यांपायी मला या भांड्यांचा नाद लागला, आणि आता ओळखीचे-बिनओळखीचे लोक आपापल्या कपबश्यांचे फोटो पाठवून प्रश्न विचारत असतात. फिरून फिरून प्रश्न तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. आधी सोपे, मग अडचणीचे.

१. चिनी माती म्हणजे नक्की काय? स्टील आणि काच सोडून सगळीच चिनी माती का?

आपण मराठीत एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू घालतो. पहिली अर्दनवेअर: कमी आचेवर भाजलेली, सच्छिद्र माती, वर झिलई चढवलेली. दुसरी स्टोनवेअर: जास्त आचेवर भाजलेली, दगडासारखी कठीण. लोणच्याची वर तपकिरी, खाली पांढरी बरणी ही स्टोनवेअर. तिसरी पोर्सलेन: केओलिन नावाची पांढरी माती आणि तिच्यासोबत विशिष्ट दगडाची पूड, सुमारे १३०० अंश सेल्सियसला भाजलेली, या आचेवर माती अर्धी काच होते. केओलिन हे नाव चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून आलं, म्हणजे खरी 'चिनी माती' हीच. चौथी बोन चायना, तिच्याबद्दल प्रश्न १२ मध्ये.

निळी-पांढरी नक्षी या चारींवर सापडते. त्यामुळे नक्षी ओळखीची आहे म्हणून माती तीच असेल असं धरू नका.

२. आमची बशी यांतली कुठली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

मोबाईलचा टॉर्च लावा आणि बशी समोर धरून पलीकडे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर पोर्सलेन किंवा बोन चायना. पोर्सलेनमधून उजेड जरा थंड, निळसर येतो. बोन चायनातून सायीसारखा उबदार. काहीच दिसलं नाही तर अर्दनवेअर किंवा स्टोनवेअर, पण जाड पोर्सलेनमधूनही उजेड येत नाही, तेव्हा एवढ्यावर थांबू नका.

मग बशी तळहातावर ठेवून कडेला हलकी टिचकी मारा. पोर्सलेन टणत्कार देते, अर्दनवेअर ठप्प वाजते. ठप्प आवाज तडा गेल्यामुळेही येतो, हे आधी तपासा. शेवटी बशी पालथी करून बुडाखालची गोल कडा पाहा. तिथे बहुधा झिलई नसते. त्या कोरड्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. माती थेंब पिऊन काळवंडली तर अर्दनवेअर. माझ्या आजीच्या बश्या या परीक्षेत अर्दनवेअर निघाल्या. मला थोडं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

३. पण निळाच रंग का? लाल किंवा हिरवा का नाही?

कारण भट्टीत टिकतो तो निळा. पोर्सलेनवर झिलईच्या खाली रंगवायचं, तर तो रंग १३०० अंशांची आच सोसणारा हवा. बहुतेक रंग त्या आचेवर उडून जातात किंवा बिघडतात. तांब्यापासून लाल काढता येतो, पण भट्टीतली हवा जराशी बदलली की तो करडा होतो नाहीतर पुसटतो. कोबाल्ट मात्र न कुरकुरता निळा येतो, आणि लागतोही चिमूटभर.

गंमत अशी की कारागीर रंगवत असतो तेव्हा त्याच्यासमोर निळा नसतोच. कच्च्या भांड्यावर कोबाल्टचा रंग काळपट-करडा दिसतो. भट्टी उघडली की निळा होतो. त्यावर पारदर्शक झिलई असल्याने नक्षी काचेखाली ठेवलेल्या चित्रासारखी बंद होते. म्हणून शंभर वर्षं घासलेल्या बशीवरही ती जात नाही. हेच सोनेरी कडेचं पाहा: ती झिलईच्या वर असते, दहा वर्षांत उडते.

४. ही मुळात चीनचीच ना? मग डच, इंग्लिश, जयपुरी असं का म्हणतात?

'मुळात' या शब्दाशीच भांडण आहे. पांढरी माती चीनची हे खरं. पण चौदाव्या शतकात जिंगदेझेनच्या कारागिरांनी वापरलेला चांगला कोबाल्ट इराणकडून येत होता, आणि मोठमोठी थोरली तबकं बनत होती ती पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकांसाठी, जिथे एका ताटाभोवती बसून जेवायची रीत होती. म्हणजे माती एकाची, रंग दुसऱ्याचा आणि मागणी तिसऱ्याची. या काळचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली दोन उंच भांडी. १३५१ मध्ये ती एका देवळाला वाहिली, तसा मजकूरच त्यांच्यावर लिहिलेला आहे.

पुढे १६०२ आणि १६०३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांची दोन जहाजं लुटली. त्यांतल्या पोर्सलेनने हॉलंडात वेड लावलं. १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग सत्ता कोसळली, माल येईनासा झाला, आणि ती जागा दोघांनी भरली: जपानमध्ये आरिताच्या भट्ट्यांनी, हॉलंडात डेल्फ्ट गावाने. डेल्फ्टवाल्यांना पोर्सलेनचं गुपित ठाऊक नव्हतं. त्यांनी साध्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवली आणि वर निळं रंगवलं. युरोपात खरं पोर्सलेन साधलं ते जर्मनीतल्या माइसेनला, तिथला कारखाना १७१० चा. तिथली 'निळा कांदा' म्हणून जगभर गाजलेली नक्षी मुळात कांद्याची नाहीच. चिनी चित्रातली डाळिंबं आणि पीच पाहून काढलेली ती फळं आहेत. निफाड-लासलगावच्या शेजारी राहणाऱ्या मला हा घोळ फार आवडतो.

इंग्लंडने मग छपाई आणली (प्रश्न ९), आणि जी चीज राजवाड्यात होती ती कारकुनाच्या घरी आली. त्या छापील इंग्लिश चिनी नक्षीची नक्कल पुढे जपानने केली. एवढं सगळं झाल्यावर ही वस्तू कोणाची म्हणायची? माझ्या मते एकमेकांची पाहून करण्यातच ती वाढली.

५. झाड, पूल, पुलावर तीन माणसं आणि आकाशात दोन पक्षी, या नक्षीमागची प्रेमकथा खरी का?

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच: श्रीमंत अधिकाऱ्याची मुलगी, गरीब कारकून, पळून जाणं, पाठलाग, शेवटी दोघांचे पक्षी होणं. नक्षीचं नाव विलो पॅटर्न. ती इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली, वेगवेगळ्या चिनी चित्रांतले तुकडे जुळवून. गोष्ट त्याहून उशिराची; १८४९ मध्ये ती तिथल्या एका मासिकात छापून आली. म्हणजे आधी बशी, मग बशीवरची कथा. चीनमध्ये अशी जुनी लोककथा नाही.

तरी सांगायला हरकत नाही. माझी आजी पुलावरच्या तिघांना राम, लक्ष्मण, सीता म्हणायची आणि होडीतल्या माणसाला केवट. पंचवटीत राहणारी बाई दुसरं काय म्हणणार!

६. जयपूरची ब्लू पॉटरी म्हणजे हीच का?

दिसायला बहीण, घराणं वेगळं. जयपूरच्या ब्लू पॉटरीत नेहमीची कुंभारी माती वापरतच नाहीत. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक यांचं पीठ मळून ते साच्यात बसवतात आणि कमी आचेवर एकदाच भाजतात. ही रीत इराण-तुर्कस्तानकडची. विसाव्या शतकात ती मरणपंथाला लागली होती. कृपालसिंह शेखावत यांनी तिला उभं केलं, त्यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथला फिरोजी निळा तांब्यापासून येतो, गडद निळा कोबाल्टपासून.

ही भांडी नाजूक आणि सच्छिद्र असतात. फुलदाणी, दाराच्या मुठी, फरश्या यांसाठी उत्तम. गरम आमटी त्यात वाढू नका.

७. नाशिक तर तांब्या-पितळेचं गाव. इथे ही भांडी आली कुठून?

भांडी बाजारात चकरा मारून हा प्रश्न मलाही पडला होता. आपल्याकडे प्रतिष्ठा तांब्या-पितळेला. घंगाळं, पातेली, समया लग्नात दिल्या जायच्या. चिनी मातीला स्वयंपाकघरात मुळी प्रवेश नव्हता, ती बाहेरच्या खोलीत राहायची, चहाबरोबर आली आणि पाहुण्यांसाठी ठेवली गेली.

आमच्या गावापुरता मोठा झरा देवळाली कॅम्प. इंग्रजांची छावणी, हवापालटाला येणाऱ्या पारशी कुटुंबांचे बंगले आणि सॅनिटोरियम. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा एकोणिसाव्या शतकात चीनशी मोठा व्यापार होता, त्यांच्या घरी चिनी भांडी परंपरेनेच असायची. बंगले रिकामे होताना सामान विकलं गेलं आणि कपबश्या गावात उतरल्या. मला आलेल्या फोटोंमध्ये 'देवळालीच्या लिलावातून आजोबांनी आणली' हे वाक्य इतक्यांदा येतं की आता मी विचारायच्या आधीच लोक सांगतात.

महाराष्ट्राचा या निळाईशी संबंध त्याहून जुना आहे. चौल बंदराच्या परिसरात चिनी पोर्सलेनचे तुकडे मिळाले आहेत. देवगिरीच्या किल्ल्यात चिनी महाल आहे, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह जिथे औरंगजेबाच्या कैदेत होता तोच. त्या महालाचं नाव भिंतीवरच्या निळ्या झिलईच्या फरश्यांवरून पडलं.

८. बशीच्या मागे शिक्का आहे. त्यावरून वय कळतं का?

अंदाज करता येतो, खात्री नाही. काही ढोबळ खुणा अशा.

नुसतं 'इंग्लंड' असं छापलं असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची. त्या साली अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातलं. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर काळ नेमका सापडतो: दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत. 'डिशवॉशर सेफ' लिहिलेली बशी आजीची असू शकते, पणजीची नाही. शिक्क्यात जुनं साल असेल तर ते बहुतेक कारखाना किंवा नक्षी सुरू झाल्याचं असतं. उदाहरणार्थ, स्पोड या इंग्लिश कारखान्याची 'ब्लू इटालियन' नक्षी १८१६ ची आहे आणि अजून छापली जाते.

सहा चिनी अक्षरांचा शिक्का सर्वांत फसवा. सतराव्या-अठराव्या शतकातले चिनी कारागीर स्वतःच पंधराव्या शतकातल्या सम्राटाचा शिक्का मारत असत, पूर्वजांचा मान म्हणून. आणि आजचे कारखानेही मारतात, मानाचं कारण न देता. मी स्वतः एकदा असा शिक्का पाहून एक वाडगा घेतला. विकणाऱ्याने त्याला चहाच्या पाण्यात मुरवून 'जुना' केला होता. घरी गरम पाण्यात घातला तर दोनशे वर्षं दहा मिनिटांत उतरली.

९. हाताने रंगवलेली की छापील, कसं ओळखायचं?

भिंग घ्या. हाताच्या कामात कुंचला टेकला तिथे निळा दाट आणि उचलला तिथे पातळ असतो. एकाच फुलाच्या दोन पाकळ्या सारख्या नसतात. छापील कामात रेघा आणि ठिपके सगळीकडे एकाच जाडीचे.

जुनी इंग्लिश छपाई मात्र हातकामच म्हणावं अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, त्यात कोबाल्टची शाई भरायची, पातळ कागदावर तिचा ठसा घ्यायचा, तो ओला कागद भाजलेल्या बशीवर चोळून चिकटवायचा, कागद धुऊन टाकायचा, मग झिलई देऊन पुन्हा भट्टी. तांबटांच्या गावात राहून हे लिहिताना मला त्या कोरणाऱ्याबद्दल जास्त आपुलकी वाटते. इंग्लंडात १७८४ च्या सुमारास जोसाया स्पोडने ही निळी छपाई नीट बसवली. तिथल्याच बर्स्लेम गावातल्या मिडलपोर्ट पॉटरी या कारखान्यात अजूनही कागदी ठसे वापरून काम चालतं.

सपाट कागद गोल बशीवर बसवायचा म्हटल्यावर सांधा राहणारच. काठाच्या नक्षीवरून बोट फिरवत जा, एका जागी वेल तुटलेली दिसेल. माझ्या एका बशीत, घड्याळात सात वाजतात त्या जागी, फुलाचं अर्धं डोकं गायब आहे आणि पुढच्या फुलाचं देठ हवेतच सुरू होतं. हा दोष पाहिला की बशी कागदी ठशाची आहे असं समजून मी खूश होते. नवीन कारखानी स्टिकरच्या कामात सांधा दिसत नाही.

१०. 'ओरिजिनल' आहे का तेवढं सांगा.

नाही सांगणार. प्रश्न ४ वाचा. चिनी, जपानी, इंग्लिश की आपल्या उत्तर प्रदेशातल्या खुर्जाची हे विचारा, माती विचारा, वय विचारा, जेवायला सुरक्षित आहे का विचारा. किंमत हवी असेल तर जाणकाराच्या हातात वस्तू द्यावी लागते, फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

११. जुन्या बशीतून जेवल्यावर शिसं पोटात जातं, हे खरं का?

काही भांड्यांबाबत खरं आहे. शिसं घातलं की झिलई कमी आचेवर वितळते, म्हणून जुन्या अर्दनवेअरमध्ये ते सर्रास असे. जास्त आचेवर भाजलेल्या पोर्सलेनच्या झिलईला शिशाची गरज नसते, आणि झिलईखालचा निळा बंद असतो; म्हणून निळं-पांढरं पोर्सलेन त्यातल्या त्यात निर्धास्त. जास्त सांभाळायचं ते झिलईच्या वर केलेल्या लाल-पिवळ्या-सोनेरी कामाला. बोटाला ते उंचवटलेलं लागतं.

शिसं बाहेर काढतात ते आंबट पदार्थ, आणि तेही जास्त वेळ ठेवले तर. म्हणून माझा घरचा नियम: जुन्या अर्दनवेअरमध्ये चिवडा, लाडू, पोळी चालेल, लोणचं, दही, सोलकढी, चिंचेची आमटी, लिंबाचं सरबत नाही. झिलईला बारीक चिरांची जाळी पडलेल्या (प्रश्न १४) बशीत तर काहीच ओलं नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या पानात जुनी बशी वाढूच नका. बाजारातल्या पुसून पाहायच्या पट्ट्यांवर विसंबू नका, खात्री हवी तर प्रयोगशाळेत तपासणी करा.

१२. बोन चायनात खरंच हाडं असतात का? सासूबाई म्हणतात नैवेद्याला चालणार नाही.

असतात. अस्सल बोन चायनात सुमारे निम्मा भाग हाडांची राख असतो, मुख्यतः गुरांच्या हाडांची; उरलेला केओलिन आणि दगडाची पूड. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मिश्रण रुळलं. जे कुटुंब शाकाहार काटेकोर पाळतं त्याला हे जाणून घ्यायचा हक्क आहे, आणि दुकानदाराने 'नावालाच बोन' असं हसून टाळलं तर दुसरीकडे जा. साधं पोर्सलेन आणि स्टोनवेअर यांत हाडं नसतात.

नैवेद्याचं म्हणाल तर अडचण फक्त हाडांची नाही. जुन्या रीतीप्रमाणे मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की शुद्ध होत नाही. धातूचं घासून-माजून होतं. म्हणून आमच्या आजीने या बश्या आयुष्यभर वापरल्या पण देवघराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. नैवेद्य चांदीच्या वाटीत नाहीतर केळीच्या पानावर. यात सासूबाईंशी वाद घालण्यासारखं काही नाही. चहाच्या वेळी त्यांना पोर्सलेनचा कप द्या.

१३. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू का?

सोनेरी किंवा चंदेरी कड असेल तर नाही, ठिणग्या उडतात. जाळी पडली असेल तर नाही. आत शिरलेलं पाणी तापून बशी फुटू शकते. नवी, बिनसोन्याची, मागे तसं लिहिलेली असेल तर खुशाल.

१४. चहाचे डाग आणि बारीक तपकिरी जाळी कशी घालवायची?

दोन्ही वेगळे रोग आहेत. डाग झिलईच्या वर असेल तर खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन चोळा, निघतो. तारेची घासणी लावू नका. ती झिलईवर करड्या रेघा सोडते आणि सोनं असेल तर तेही नेते.

जाळी म्हणजे झिलईलाच गेलेल्या केसासारख्या चिरा. खालची माती आणि वरची झिलई तापताना-निवताना सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, म्हणून झिलई ताणून फाटते. ती परत जुळत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला आणि आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं. फडताळ फुगलं, पत्र्याची पेटी नंतर गंजली, आणि सहाही बश्या गाळात दोन दिवस पडून होत्या. पाच बश्या नळाखाली धरल्या तशा निळ्या-पांढऱ्या उघडल्या, जणू काही झालंच नाही. सहावीला जाळी होती. तिच्या चिरांतून गढूळ पाणी मातीत गेलं, ते आजतागायत आहे. झाडाभोवती सगळी तपकिरी कोळिष्टकं. ती आता दाराजवळ किल्ल्या ठेवायला आहे. ब्लीचचा सल्ला अनेकांनी दिला, पण ब्लीच चिरांतून आत जाऊन झिलईचे पापुद्रे काढू शकतं, म्हणून नको.

१५. टवका उडालेली किंवा तडा गेलेली बशी घरात ठेवू नये म्हणतात. जोडून वापरता येईल का?

अशुभाचं मला ठाऊक नाही, पण तडा गेलेला गरम चहाचा कप हातात सुटतो, ते अशुभच. टवक्याची धार ओठ कापते आणि उघडी पडलेली माती तेल-पाणी पिते. बाजारात मिळणाऱ्या दोन नळ्यांच्या चिकटद्रव्याने बशी सुरेख जुळते. ती भिंतीवर लावा, कुंडीखाली ठेवा, जेवायला घेऊ नका. जपानी सोनेरी सांधा हवा असेल तर लक्षात ठेवा, खरं काम एका झाडाच्या चिकाचं असतं आणि त्याला आठवडे लागतात. घरबसल्या किटमधली सोनेरी पूड बहुतेकदा रंग असते.

१६. सहातल्या चारच उरल्या. सेट पुरा कसा करू, आणि नाशिकमध्ये कुठे शोधू?

पुरा करू नका. निळ्या-पांढऱ्याची खरी खुबी हीच आहे. गुलाबी फुलांच्या सेटमध्ये दुसऱ्या गुलाबी फुलांची बशी लगेच उपरी दिसते. निळ्या-पांढऱ्यात डच पवनचक्की, चिनी पूल आणि खुर्जाचं फूल एका टेबलावर नांदतात. फक्त पांढरा जुळतोय का पाहा. एक सायीसारखा पांढरा आणि एक चुन्यासारखा पांढरा शेजारी ठेवला तर साईवाला मळका वाटतो. निळे कितीही वेगळे असू द्या.

नव्यासाठी मेन रोड आणि कॉलेज रोडवरची क्रॉकरीची दुकानं आहेतच, तिथे खुर्जाचा माल बरा मिळतो. हस्तकला प्रदर्शनांत खुर्जावाले थेट येतात, तिथे घासाघीस होते. जुन्यासाठी गोदाकाठचा बुधवारचा बाजार आणि भंगारवाले. लवकर जा, टॉर्च घेऊन जा, आणि बशी आवडल्याचं तोंडावर दिसू देऊ नका.

१७. आपलं जेवण यात शोभतं का? की हे केक-बिस्किटांपुरतंच?

उलट आपलंच जास्त शोभतं. आपल्या पानात निळं काही नसतं. पिवळे पोहे, वर ओलं खोबरं, हिरवी कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड, हे सगळं त्या निळ्यावर असं उठून दिसतं की पोह्यांत हळद जास्त पडल्यासारखी वाटते. उकडीचा मोदक केशराच्या काडीसह ठेवून पाहा (प्रसादाचा, नैवेद्याचा नाही, प्रश्न १२). साबुदाण्याची खिचडी मात्र फिकी पडते. मिसळ नको: तर्रीचं तेल जाळीत शिरतं, आणि मिसळ खाताना माणूस बशीकडे बघतही नाही.

खाता खाता नक्षी उघडी पडत जाणं ही गंमत वेगळी. लहानपणी शिरा संपवल्याशिवाय पूल दिसायचा नाही.

१८. मुंबईला न्यायच्या आहेत. फुटू नयेत म्हणून कशा बांधू?

बश्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, कपाटात पुस्तकं ठेवतो तशा. आडव्या थप्पीत वरच्यांचं वजन आणि कसारा घाटातला प्रत्येक धक्का खालच्या बशीवर जातो. उभ्या बशीची कड तो धक्का सोसते. प्रत्येकीला वेगळा कागद, आधी पांढरा आणि मग वर्तमानपत्र, कारण छपाईची शाई जाळीत बसते. कप एकात एक घालू नका, आणि कानात कागदाचा बोळा भरा. खोक्यात हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा उघडा. माझी सहापैकी एक बशी कुरिअरने गेली ती अशीच, आडवी. पोचली तेव्हा पूल एका तुकड्यावर होता आणि तिघं माणसं दुसऱ्यावर.

१९. मुलगी परदेशात आहे. पणजीच्या बश्या तिला पाठवता येतील का?

आधी वय पाहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. बशी परदेशी बनावटीची आहे म्हणून सूट मिळेल असं समजू नका. शंभरच्या आतली असेल पण दिसायला जुनी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. विमानतळावर हुज्जत घालण्यापेक्षा ते बरं. प्रश्न ८ मधल्या खुणा इथे कामाला येतात, पण कस्टम्सच्या माणसापुढे माझं नाव सांगू नका.

२०. खरी जुनी भांडी एकदा डोळ्यांनी पाहायची आहेत. कुठे जाऊ?

जवळचं म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे टाटा घराण्याने दिलेल्या संग्रहात चिनी आणि जपानी पोर्सलेन आहे. हैदराबादला गेलात तर सालारजंग संग्रहालयातली चिनी दालनं चुकवू नका. काचेजवळ चेहरा नेऊन झिलईकडे तिरकं पाहा. जुन्या निळ्यात कुठेकुठे काळपट ठिपके दिसतील, लोह असलेल्या कोबाल्टचे. पुढच्या कारागिरांनी हे ठिपके मुद्दाम कुंचल्याने काढायला सुरुवात केली, इतके ते लोकांना आवडले.

२१. आईचा सेट दोघी बहिणींत कसा वाटायचा? भांडण व्हायची वेळ आली आहे.

हा प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून आला आहे, म्हणून घेतला. सेट मोडा, का ते प्रश्न १६ मध्ये आहे. आमच्याकडे ताईने कप नेले आणि मी बश्या ठेवल्या. दिवाळीत ती कप घेऊन माहेरी येते, म्हणजे यायचं असं ठरलं होतं. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना ती कप नाशिक रोडला घरीच विसरली, आणि आम्ही स्टीलच्या पेल्यातला चहा आजीच्या बशीत ओतून प्यायलो.